मध्यबिंदू

१ ऑगस्ट १८१८, शनिवार. व्हर्जिनिया राज्यातली ब्लू रिज नावाची डोंगररांग. तिच्यातल्या एका खिंडीत, घाट चढून दमलेल्या प्रवाशांनी रात्रीपुरतं टेकावं अशी एक साधीशी खानावळ. त्या दिवशी तिथे एकवीस माणसं जमली. त्यांतले दोघे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष होते, थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन. एक राज्याचा माजी गव्हर्नर. बरेचसे न्यायाधीश, उरलेले जमीनदार आणि वकील. चार दिवस ही मंडळी तिथे राहिली. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न अगदी साधा होता: राज्याचं नवं विद्यापीठ कुठल्या गावात काढायचं?

खिंडीचं नाव रॉकफिश गॅप. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींनी ही जागा नकळत पाहिलेली असते. ऑक्टोबरात "फॉल कलर्स" बघायला आपण गाड्या काढून स्कायलाइन ड्राइव्हला जातो ना, तो रस्ता दक्षिणेला जिथे संपतो आणि ब्लू रिज पार्कवे जिथे सुरू होतो, तीच ही खिंड. आय-६४ हायवेही इथूनच डोंगर ओलांडतो. धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. आम्ही दोन-तीनदा इथून गेलो, थर्मासमधला चहा प्यालो, फोटो काढले आणि पुढे गेलो. इथे एका विद्यापीठाचा जन्म झाला हे मला नंतर वाचनात कळलं. मग त्या बैठकीबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि त्यात एका शब्दाशी अडखळले. तो शब्द पुढे येईलच. आधी गोष्ट सांगते.

जेफरसनचं स्वतःचं शिक्षण विल्यम अँड मेरी कॉलेजात झालेलं. १६९३ साली स्थापन झालेलं हे कॉलेज राज्याच्या पार पूर्व टोकाला, विल्यम्सबर्गला. जेफरसनला ते पुरेसं वाटत नव्हतं. एक तर धर्मसंस्थेची छाप, दुसरं म्हणजे किनाऱ्याकडची दमट, आजारी हवा, आणि राज्याच्या बाकीच्या लोकांना लांब. जानेवारी १८०० मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपला विचार मांडला होता: राज्याच्या वरच्या, निरोगी हवेच्या आणि अधिक मध्यवर्ती भागात एक नवं, उदार विद्यापीठ असावं. म्हणजे राष्ट्राध्यक्ष होण्याच्याही आधीपासून हे डोक्यात होतं. आणि त्या पत्रातला "मध्यवर्ती" हा शब्द लक्षात ठेवा.

१८०९ साली राष्ट्राध्यक्षपद सोडून तो चार्लट्सव्हिलजवळच्या माँटिचेलो या आपल्या घरी परतला. १८१४ मध्ये आल्बेमार्ल अकॅडमी नावाच्या, कागदावरच राहिलेल्या एका शाळेच्या कारभारात त्यानं लक्ष घातलं. दोन वर्षांत त्या कागदी शाळेचं "सेंट्रल कॉलेज" झालं. नावातच "सेंट्रल"! १८१७ साली जवळपास दोनशे एकर जमीन घेतली गेली, आणि ६ ऑक्टोबर १८१७ ला पायाभरणी झाली. समारंभाला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो, आणि मॅडिसन व जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष असे तिघे हजर. एका छोट्या गावातल्या कॉलेजसाठी हा थाट जरा जास्तच म्हणायचा. पण जेफरसनचा डाव लांबचा होता. उद्या राज्यानं विद्यापीठ काढायचं ठरवलं, तर आपल्याकडे जमीन, पैसा आणि अर्धवट का होईना उभी राहिलेली इमारत तयार हवी.

ती वेळ लगेचच आली. राज्याकडे शिक्षणासाठी राखून ठेवलेला "लिटररी फंड" होता. २१ फेब्रुवारी १८१८ च्या कायद्यानं त्या फंडातून वर्षाला ४५ हजार डॉलर गरिबांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाला आणि १५ हजार डॉलर एका विद्यापीठाला द्यायचं ठरलं. विद्यापीठ कुठे, हे मात्र विधिमंडळाला ठरवता येईना. मग आपल्याकडे करतात तेच केलं, समिती नेमली! राज्य सिनेटच्या २४ मतदारसंघांतून प्रत्येकी एक असे २४ आयुक्त गव्हर्नरनं नेमायचे, त्यांनी १ ऑगस्टला रॉकफिश गॅपच्या खानावळीत भेटायचं आणि जागेपासून इमारतींच्या आराखड्यापर्यंत, विषयांपासून प्राध्यापकांच्या संख्येपर्यंत सगळ्याची शिफारस करायची. बैठकीची जागा कायद्यातच लिहिलेली. ती निवडही हुशारीची होती. ब्लू रिज ही डोंगररांग राज्याचे दोन भाग करते. पूर्वेला जुने, श्रीमंत, तंबाखूचे मळेवाले; पश्चिमेला नवे, छोटे शेतकरी. खिंड बरोब्बर दोघांच्या उंबरठ्यावर.

मुख्य स्पर्धक तीन. लेक्सिंग्टन, स्टॉन्टन (लिहितात असं, पण तिथले लोक म्हणतात "स्टॅन्टन") आणि चार्लट्सव्हिलचं सेंट्रल कॉलेज. पहिली दोन गावं डोंगराच्या पश्चिमेला, तिसरं पूर्वेला.

लेक्सिंग्टनची बाजू लंगडी नव्हती. तिथे वॉशिंग्टन कॉलेज आधीपासून चालू होतं, आणि त्याला खुद्द जॉर्ज वॉशिंग्टननं जेम्स रिव्हर कंपनीचे शंभर शेअर दिलेले होते. ते शेअर, कॉलेजची जमीन, उपकरणं, ग्रंथ, सगळं आम्ही नव्या विद्यापीठाला देतो असं त्यांनी कळवलं. गावकऱ्यांनी वर्गणीचे आकडे टाकले. जॉन रॉबिन्सन नावाच्या एका धनिकानं आपल्या मृत्यूनंतर जमिनी विद्यापीठाला जाव्यात असा दस्तच करून दिला. सेंट्रल कॉलेजकडे वॉशिंग्टनचे शेअर नव्हते, पण चाळीस हजार डॉलरच्या वर वर्गणीची वचनं होती, जमीन होती, बांधकाम सुरू होतं. आणि जेफरसन होता.

इथे एक गंमत आहे. जेफरसन सेंट्रल कॉलेजच्या नियामक मंडळावर, मॅडिसनही त्याच मंडळावर, आणि जागा ठरवणाऱ्या समितीतही दोघे. म्हणजे मुलीकडचेही हेच आणि मुलाकडचेही हेच. जेफरसनला याची जाणीव होती. आपले धार्मिक आणि राजकीय विरोधक बरेच आहेत, आपण समितीत असलो तर उलट नुकसानच होईल, तेव्हा आपलं नाव नसलेलं बरं, असं त्यानं आपला विश्वासू सहकारी, सिनेटर जोसेफ कॅबेल याला सुचवलं होतं. पण नाव राहिलं. आणि बैठक सुरू होताच अध्यक्ष म्हणून एकमतानं त्याचीच निवड झाली. तेव्हा त्याचं वय होतं ७५. घोड्यावरून आला होता.

त्यानं भाषण ठोकलं नाही, गावाचं कौतुक केलं नाही. त्यानं आकडे आणले होते. सांगतात की त्यानं आपल्या आल्बेमार्ल परगण्यातल्या ऐंशी वर्षांपुढच्या माणसांची नावानिशी यादीच सादर केली. हवा निरोगी आहे याचा पुरावा काय? हे घ्या, ही इतकी म्हातारी माणसं! आणि पुठ्ठ्यावर कापलेला राज्याचा नकाशा. त्याचा हिशेबही कागदावर तयार होता. एखाद्या गावातून नकाशावर रेषा मारायची, रेषेच्या एका बाजूला किती लोक राहतात आणि दुसऱ्या बाजूला किती, हे जनगणनेच्या आकड्यांवरून मोजायचं. मग दुसऱ्या दिशेनं रेषा मारायची, पुन्हा मोजायचं. ज्या गावाच्या रेषांच्या दोन्ही बाजू जास्तीत जास्त समान, ते राज्याचं खरं मध्य. असा हिशेब केला की सेंट्रल कॉलेज स्टॉन्टनपेक्षा आणि लेक्सिंग्टनपेक्षा मध्याच्या जवळ येत होतं.

सोमवारी, ३ ऑगस्टला मतं पडली. चार्लट्सव्हिल १६, लेक्सिंग्टन ३, स्टॉन्टन २. हरलेल्यांनीही मग निर्णय मान्य केला आणि अहवालावर सगळ्या एकवीस जणांच्या सह्या झाल्या. ४ ऑगस्टला बैठक संपली.

तो अहवाल अमेरिकेच्या शिक्षणाच्या इतिहासात मोठा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. एकच अवाढव्य इमारत नको. प्राध्यापकांची वेगवेगळी घरं, घरातच वर्ग, घराघरांना जोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्या, मध्ये हिरवळ, अशी एक वस्ती असावी. दहा प्राध्यापक असावेत. प्राचीन भाषांबरोबर आधुनिक भाषा, गणित, शेतीला उपयोगी रसायन, कायदा, राज्यशास्त्र शिकवावं. धर्मशास्त्राचा प्राध्यापक नसावा. १८१८ साली हे लिहायला धाडस लागत होतं. शिक्षण माणसाला सुधारतं, पुढची पिढी मागच्या पिढीच्या ज्ञानात भर घालते आणि अशी माणूसजात पुढे जात राहते, हा विश्वास त्या अहवालात पानोपानी आहे. मसुदा जेफरसननं घरूनच लिहून आणला होता.

अहवाल सह्या होऊन बाहेर पडला म्हणजे संपलं नाही. (समितीचे अहवाल आणि त्यांचं पुढे काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.) जेफरसन बैठकीनंतर डोंगरापलीकडे वॉर्म स्प्रिंग्जच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेला आणि तब्येत सुधारण्याऐवजी अंगावर गळवं घेऊन परत आला. इकडे राजधानी रिचमंडमध्ये विरोधकांनी उचल खाल्ली. लेक्सिंग्टनवाले म्हणत, हिशेबच चुकीचा आहे. विल्यम अँड मेरीवाल्यांना नवं विद्यापीठच नको होतं. कॅबेल रात्रंदिवस एकेका आमदाराला गाठून आकडे समजावत होता. जानेवारी १८१९ मध्ये जागेचं नाव विधेयकातून काढून टाकावं ही सूचना सभागृहानं फेटाळली. त्यानंतर स्टॉन्टनचा प्रतिनिधी ब्रिस्को बाल्डविन उभा राहिला. आपलं गाव हरलं होतं. तरी त्यानं पश्चिमेच्या आपल्या सहकाऱ्यांना आवाहन केलं की आता गाव विसरा आणि विद्यापीठाच्या बाजूनं मत द्या. सभागृह हेलावलं म्हणतात. कॅबेल मात्र ते ऐकायला तिथे नव्हता. इतक्या दिवसांच्या ताणानंतर मतदानाचा क्षण आपल्याला सोसवणार नाही म्हणून तो आधीच बाहेर गेला होता. २५ जानेवारी १८१९ ला व्हर्जिनिया विद्यापीठ कायद्यानं जन्माला आलं.

इथवर वाचताना मला ही गोष्ट फार आवडली होती. एका म्हाताऱ्या माणसाचं अठरा वर्षांचं स्वप्न, नकाशे, हिशेब, हरणाऱ्यांचा मोठेपणा. जागेच्या भांडणात आपण इतके हितसंबंध आणि इतकी ओढाताण पाहिलेली असते की, रेषा मारून आणि माणसं मोजून निर्णय घेतला हेच अपूर्वाईचं वाटतं. मग मी मूळ अहवालात जागेबद्दलचा परिच्छेद शोधून वाचला. आशय असा आहे: तिन्ही गावं हवापाणी आणि सुपीकपणा या बाबतीत निर्दोष आहेत; तेव्हा तुलना करण्यासारखा महत्त्वाचा मुद्दा एकच उरतो, तो म्हणजे राज्याच्या गोऱ्या लोकसंख्येला कुठलं गाव किती मध्यवर्ती आहे.

गोऱ्या. हाच तो शब्द.

१८१० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या आसपास होती. त्यात गुलाम जवळपास चार लाख, म्हणजे दर पाच माणसांत दोन. त्यांच्याखेरीज स्वतंत्र असलेले काळे लोक वेगळे. राज्याचा मध्यबिंदू काढताना ही सगळी माणसं वजा केलेली होती. पुठ्ठ्याच्या नकाशावर रेषेच्या दोन्ही बाजूंना ती नव्हतीच.

पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की हा जेफरसनचा डाव असणार. आपलं गाव जिंकावं म्हणून सोयीचे आकडे घेतले असणार. पण थोडा हिशेब केला तर उलटंच दिसतं. गुलामांपैकी बहुसंख्य ब्लू रिजच्या पूर्वेला, मळ्यांच्या मुलखात राहत होते. त्यांना मोजलं असतं तर मध्यबिंदू आणखी पूर्वेकडे सरकला असता, आणि पश्चिमेकडच्या लेक्सिंग्टन-स्टॉन्टनपेक्षा चार्लट्सव्हिलची बाजू आणखी भक्कम झाली असती! म्हणजे त्यांना वगळून जेफरसनचा काहीच फायदा नव्हता. झालाच तर थोडा तोटा. तरी वगळलं. कारण विद्यापीठ कुणासाठी, या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीतल्या एकवीसही जणांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. इतकं ठरलेलं, की त्यावर वाद घालायची कुणाला गरजच वाटली नाही. मला ते कारस्थानापेक्षा जास्त अस्वस्थ करतं. कारस्थान उघडकीला आणता येतं. जे कुणालाच खटकत नाही ते उघडकीला कसं आणणार? ते तर अहवालात उघड छापलेलंच होतं.

आणि ही माणसं कधीच मोजली जात नव्हती असंही नाही. अमेरिकेच्या संविधानात तेव्हा नियम होता: संसदेतल्या जागा वाटताना गुलामांची तीन पंचमांश संख्या धरायची. त्यामुळे दक्षिणेच्या मालकांना संसदेत जास्त जागा मिळत. खुद्द व्हर्जिनियात याच मोजणीवरून पूर्व-पश्चिम भांडण होतं. पश्चिमेचे लोक म्हणत, राज्याच्या विधिमंडळातल्या जागा गोऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्या. पूर्वेचे मळेवाले म्हणत, आमची गुलामांची मालमत्ताही हिशेबात धरा. १८२९-३० च्या घटना परिषदेत यावर रणकंदन झालं, आणि म्हातारे झालेले मॅडिसन आणि मन्रो दोघेही त्या परिषदेत बसले होते. थोडक्यात, मालकाच्या मताचं वजन वाढवायचं असेल तेव्हा गुलाम मोजायचा. शाळा कुठे काढायची हे ठरवताना नाही. एकच माणूस, एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही.

बांधकामावर मात्र तो होताच. सेंट्रल कॉलेजच्या जागेवर उतार सपाट करणारे, माती मळून विटा पाडणारे, भट्ट्या लावणारे, दगड आणि लाकूड वाहणारे, सुतारकाम करणारे, यांत गुलाम मोठ्या संख्येनं होते. काही विद्यापीठानं भाड्यानं घेतलेले, काही कंत्राटदारांचे. म्हणजे ज्या दिवशी खिंडीतल्या खानावळीत त्यांना हिशेबातून वगळलं जात होतं, त्या दिवशी खाली चार्लट्सव्हिलला त्यांच्याच हातांनी भिंती उभ्या राहत होत्या. ७ मार्च १८२५ ला विद्यापीठ सुरू झालं, आणि मग हेच लोक विद्यार्थ्यांची पाणी-लाकडं भरायला, खोल्या झाडायला, जेवणं रांधायला राहिले. जेफरसन ४ जुलै १८२६ ला गेला. आपल्या थडग्याच्या दगडावर काय लिहायचं ते त्यानं सांगून ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्षपदाचा त्यात उल्लेख नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक हा आहे. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती.

हरलेलं लेक्सिंग्टन काही वेगळं होतं असं समजू नका. तो जॉन रॉबिन्सन आठवतो? १८२६ मध्ये तो वारला आणि त्याची मालमत्ता वॉशिंग्टन कॉलेजला गेली. जमिनीबरोबर सत्तर-ऐंशी गुलामही. कॉलेजनं त्यांना भाड्यानं देऊन पैसे मिळवले आणि १८३६ मध्ये त्यांतल्या बहुतेकांना विकून टाकलं. मतदान उलटं झालं असतं तरी या माणसांचं नशीब बदललं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, दोनशे वर्षांपूर्वीच्या, सात समुद्रांपलीकडच्या गोष्टीत आपण का शिरावं? तर एक धागा मला आपल्याकडे आणून सोडतो. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली "गुलामगिरी" लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, काळ्यांना दास्यातून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसून त्यांना व्हर्जिनियातला मळा आणि आपल्याकडचं गाव यांच्यातलं नातं दिसलं होतं. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी जो मुद्दा मांडला तो रॉकफिश गॅपलाही लागू पडतो. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर; तेव्हा आधी सर्वांना प्राथमिक शिक्षण द्या. विद्यापीठ कुठे, याआधीचा प्रश्न त्यांनी विचारला: विद्यापीठ कुणाच्या पैशावर, आणि कुणासाठी? व्हर्जिनियातल्या त्या खोलीत हा प्रश्न विचारणारा कुणी नव्हता. असणं शक्यही नव्हतं, कारण तो विचारू शकणारे लोक खालच्या गावात विटा पाडत होते.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण मध्यबिंदू जागेवर राहत नाही. जेफरसननं ज्या व्हर्जिनियाचा मध्य काढला ते राज्य पश्चिमेला ओहायो नदीपर्यंत पसरलं होतं. यादवी युद्धात पश्चिमेचे परगणे फुटून निघाले आणि १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं. पुठ्ठ्यावरचा तो नकाशाच मोडीत निघाला. आणि ज्या आल्बेमार्ल परगण्याला गोऱ्या लोकसंख्येचा मध्य म्हणून निवडलं, तिथे १८६० च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोक गुलाम होते! ३ मार्च १८६५ ला उत्तरेची फौज चार्लट्सव्हिलला पोचली आणि त्यांच्या सुटकेचा दिवस आला. पण विद्यापीठाच्या वर्गात बसायला आणखी ८५ वर्षं लागली. ग्रेगरी स्वॉन्सन हा पहिला काळा विद्यार्थी १९५० मध्ये कायदा शिकायला दाखल झाला, तोही कोर्टात जाऊन. मुलींना मुलांच्या बरोबरीनं सर्व अभ्यासक्रमांत प्रवेश मिळायला १९७० उजाडलं. (गोऱ्या लोकसंख्येतही अर्ध्या बायका होत्या. रेषेच्या दोन बाजूंना त्यांना मोजलं, आत घेतलं नाही. हेही तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं.)

११ ऑगस्ट २०१७ च्या रात्री याच विद्यापीठाच्या आवारात गोऱ्या वर्चस्वाच्या घोषणा देत, मशाली घेऊन एक जमाव जेफरसनच्या पुतळ्यापर्यंत गेला. तिथे थोड्याशा विद्यार्थ्यांनी हात धरून पुतळ्याभोवती कडं केलं होतं आणि ते त्या जमावाला सामोरे गेले. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, चार्लट्सव्हिलच्या नगर परिषदेनं जेफरसनच्या वाढदिवसाची सुट्टी बंद केली आणि ३ मार्च हा मुक्तीचा दिवस पाळायला सुरुवात केली.

यावर जेफरसनला खलनायक करून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. धर्मापासून मोकळं विद्यापीठ, ज्ञान पुढे जात राहतं हा विश्वास, गुरू आणि शिष्य एका हिरवळीभोवती राहतील ही कल्पना, हे सगळं खरं आहे आणि त्याचा फायदा जगाला झाला. आज त्या आवारात जगभरातली मुलं शिकतात, आपली देशी मुलंही. पण त्याला आंधळा हार घालणंही जमत नाही. तो मोजणारा माणूस होता. हवामान मोजायचा, पिकं मोजायचा, स्वतःच्या गुलामांच्या नावांच्या आणि त्यांना दिलेल्या कापडाच्या वह्या ठेवायचा. इतक्या मोजणाऱ्या माणसाला कुणाला मोजायचं नाही हे कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की कुणी नकाशा समोर ठेवून "हे सगळ्यांना सोयीचं" म्हणालं, मग ते कॉलेज असो, दवाखाना असो, धरण असो की नुसता एसटीचा थांबा, तर आकडे बरोबर आहेत का हे तपासण्याआधी "सगळे" म्हणजे कोण, हे विचारावं. बैठकीत बसलेल्यांना तो प्रश्न सुचेलच असं नाही.

२०२० मध्ये विद्यापीठाच्या आवारात गुलाम कामगारांचं स्मारक पूर्ण झालं. दगडाची, एका बाजूला उघडी अशी मोठी वर्तुळाकार भिंत. १८१७ ते १८६५ या काळात साधारण चार हजार गुलामांनी तिथे काम केलं असा अंदाज आहे, म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूला तेवढ्या खुणा कोरल्या आहेत. त्यांतल्या काहीशेंच्याच जागी नाव आहे. काही ठिकाणी नुसतं नातं किंवा काम लिहिलंय: आई, लेक, गवंडी. बाकी सगळीकडे दगडातली फक्त एक आडवी खाच, कारण नावं कुणी लिहूनच ठेवली नव्हती. त्याच परगण्यातल्या ऐंशी वर्षांपुढच्या माणसांची यादी मात्र १८१८ मध्ये नावानिशी तयार होती.